स्वारगेट ते भोर, एक फुल, एक हाफ

दिवाळीनंतरच्या एका दुपारी माझ्या नातीने मला एसटीचे तिकीट दिले आणि मी ते दुरुस्त केले. घडले ते एवढेच. त्यात कोणी रडले नाही, कोणाचा आवाज चढला नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती ते विसरूनही गेली असावी. मी मात्र विसरलो नाही. पुस्तक छापून, बांधून, दुकानात गेल्यावर एखाद्या पानावरची चूक दिसावी आणि मग जेवताखाता तेच पान डोळ्यांसमोर यावे, तसे ते तिकीट कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर येत राहिले. मी चाळीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे. चुकीची टोचणी मला नवी नाही. पण ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चुकीची असते.

आमची चिमी तेव्हा चार वर्षे आठ महिन्यांची होती. भाऊबीज आटोपून मी, माझी पत्नी आणि ती असे तिघे भोरहून पुण्याला एसटीने परतलो होतो. तिचा तो एसटीचा पहिलाच प्रवास, कारण एरवी ती आईवडिलांच्या मोटारीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली असते. गाडीत खाकी कपड्यांतल्या कंडक्टर बाई होत्या. त्यांच्या खांद्यावरची चामड्याची पिशवी, हातातले तिकिटाचे यंत्र, त्यातून टर्रर्र आवाज करीत बाहेर येणारी कागदाची जीभ आणि वळणावरही कशाला न धरता उभे राहण्याची त्यांची ऐट चिमीने कापूरहोळपासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत टक लावून पाहिली. माझे तिकीट पूर्ण निघाले, कारण पासष्टीच्या सवलतीला मला अजून दोन वर्षे अवकाश आहे. पत्नीचे निम्मे निघाले. महिलांना ही सवलत मार्च २०२३ पासून मिळते आहे. आणि चिमी पाच वर्षांच्या आतली, म्हणून तिचे तिकीटच नाही. “मला का नाही?” हा प्रश्न तिने आधी बाईंना विचारला, मग मला, मग आजीला, आणि शेवटी खिडकीच्या गजांना. फुकट प्रवासाचे तिला काहीच कौतुक नव्हते. सगळ्यांच्या हातात कागद आहे आणि आपलाच हात रिकामा आहे, एवढेच तिला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली ती माझा जुना खाकी सदरा घालूनच. सदरा तिच्या घोट्यांपर्यंत पोहोचत होता. आजीने बाह्यांना चार-चार घड्या घालून दिल्या होत्या, कमरेला ओढणी आवळून बांधली होती, आणि बाजारात न्यायची काळी पर्स चिमीने गळ्यातून तिरकी घेतली होती. हातात टीव्हीचा रिमोट. सदऱ्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. दिवाणावर बाहुल्या, अस्वल, दोन उश्या आणि प्रेशर कुकरची जुनी रिंग असे प्रवासी आधीच बसवलेले होते. मी खिडकीपाशी प्रुफे वाचत होतो. निवृत्तीनंतरही थोडेफार काम घरी येतेच. “अहो आजोबा, पुढे सरका. कुठं जायचंय?” असे तिने विचारले. मी चष्मा न काढता “भोर” म्हणालो. तिने रिमोटची दोन बटणे दाबली, तोंडाने टर्रर्र केले, मग पर्समधून कागदाची एक पट्टी काढली, ती गुडघ्यावर ठेवून तांबड्या बॉलपेनने तिच्यावर भराभर काहीतरी लिहिले आणि माझ्यापुढे धरली. “सुट्टे द्या.”

ती पट्टी माझ्याच रद्द प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदाची होती. तिच्यावर तांबडी नागमोडी रेघ होती, चार-पाच आकडे-वेटोळी होती, आणि वाचण्याजोगे काहीही नव्हते. त्या क्षणी मी प्रवासी असायला हवा होतो. पण हातात आधीच पेन होते, मांडीवर अशुद्ध मजकूर होता, आणि चाळीस वर्षांची सवय माझ्या वतीने बोलून गेली. “अगं, तिकीट असं लिहितात का? ये इकडे. हे बघ, आधी ‘ति’. पहिली वेलांटी. मग ‘की’, ती दुसरी.” मी तिचा हात हातात धरला आणि तिच्या वेटोळ्यांच्या खाली सुबक अक्षरांत ‘तिकीट’ लिहविले. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ, हे सांगण्याचा मोह मी आवरला, एवढेच स्वतःच्या बाजूने म्हणता येईल. मग तिला म्हणालो, आता तू लिही. तिने एक ‘त’ काढला, तो उलटा आला, आणि तिने पेन खाली ठेवले. ओढणी सोडली. सदरा डोक्यावरून काढताना कान अडकला, तोही तिने स्वतःच सोडवला. “मला नाही खेळायचं,” असे म्हणून ती रिमोट घेऊन टीव्हीकडे गेली, आणि आता रिमोटचा नुसता रिमोट झाला होता.

“प्रवाशानं कंडक्टरला शिकवायचं असतं का?” स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली.

त्या संध्याकाळी मला सर्वांत आधी आठवले ते ‘अहो’. चिमी मला अरे-तुरे करते; आजच्या घरांतून आजोबांना ‘अहो आबा’ म्हणणारी नातवंडे विरळाच. पण सदरा अंगावर चढल्याबरोबर मी ‘अहो आजोबा’ झालो होतो, ‘सरक’चे ‘सरका’ झाले होते आणि ‘दे’चे ‘द्या’. हे तिला कोणी शिकवले नव्हते. भोरच्या गाडीत ऐकलेले तिने साठवून ठेवले होते, आणि कपडे बदलताच ते आपोआप बाहेर आले. आठवू लागलो तशी तिची बाकीची सोंगेही नजरेसमोर आली. माझ्या जुन्या चष्म्याची काचा काढलेली चौकट लावून ती डॉक्टर होते, तेव्हा ‘घे’ म्हणत नाही. ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ असे क्रियापद गाळून बोलते, अगदी औषधाच्या चिठ्ठीसारखे. आजीचे नऊवारी गुंडाळून ती भाजीवाली होते, तेव्हा भाव सांगताना वाक्य तोडते आणि शेवटचा शब्द लांबवते. ज्याला आपण प्रमाण भाषा, व्यवहाराची भाषा, कागदावरची भाषा म्हणतो, ती घरात बोलली जातच नाही. मूल शाळेत जाते तेव्हा पुस्तकातली वाक्ये त्याला परक्या घरातल्या माणसांसारखी वाटतात. अक्षरे ओळखता येऊनही वाचलेले न समजणारी मुले मी शेजारीपाजारी पाहिली आहेत. चिमीने मात्र त्या परक्या घरात सदरा घालून आधीच जाणे-येणे सुरू केले होते.

माझ्या स्वतःच्या लहानपणी असाच एक सदरा होता, म्हणजे खरे तर कोट. भोर तालुक्यातल्या आमच्या गावात पोस्टमन एक दिवसाआड येत असे, आणि १९६७ च्या सुमारास गावातल्या पाचएक वर्षांच्या पोराला त्याच्याइतका मोठा माणूस दुसरा ठाऊक नव्हता. त्याच्याकडे पिशवी होती, पिशवीत मुंबईची पत्रे होती, कानाला पेन्सिल होती, आणि मनिऑर्डर आली की बायामाणसांचा अंगठा धरून शाईत बुडवण्याचा अधिकार होता. मी वडिलांचा विटका कोट घालून, शाळेच्या दप्तराऐवजी आजोळहून आलेली धान्याची पिशवी खांद्यावर टाकून ओसरीवर येत असे आणि ओरडत असे, “पत्रंऽऽ!” आमची आजी तांदूळ निवडत बसलेली असायची. मी तिला एक कोरा कागद देई. ती तो उलटसुलट करून परत माझ्याकडे देई, कारण खऱ्या पोस्टमनशी तिचे वागणे असेच होते: “वाचून दाखवा की भाऊ. आम्हाला कुठं येतंय.”

मला वाचता येत नव्हते. तिला कधीच आले नाही. आणि कागद कोरा होता.

तरीही मी वाचत असे. “मी बरा आहे. तुम्ही बऱ्या आहात का? पैसे पाठवतो,” असे काहीतरी. एकदा तिने सुपातला हात थांबवला आणि गंभीरपणे विचारले, “अहो भाऊ, साष्टांग नमस्कार कुठं गेला? आमचा लेक असा कसा लिहील?” मला कळेना. मग तिनेच सांगितले की पत्रात आधी तीर्थरूप असते, मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष असते, मग इकडील सर्व क्षेम असते, आणि मग काय ते. पोटच्या पोराची पत्रे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला पत्राचा अख्खा सांगाडा पाठ होता. अक्षर एक ओळखत नव्हती, पण कोणत्या जागी काय यायला हवे हे तिला पक्के ठाऊक होते. मी कोऱ्या कागदावर पुन्हा बोट ठेवून ‘तीर्थरूप आईस’पासून सुरुवात केली. शेवटी ‘कळावे’ आले नाही, तर ती पुढचे तांदूळ निवडायला घेत नसे. “संपलं का? मग ‘कळावे’ कुठंय?” पुढे पहिलीत बाराखडी आली, मग शब्द आले, वाक्ये आली, पण मजकुराला तोंड असते, धड असते, शेपूट असते, हे मला ओसरीवर आजीकडून समजले होते. लेखकाचा परिच्छेद अर्धवट संपतो तेव्हा आजही माझ्या मनात तोच प्रश्न येतो, कळावे कुठंय?

तिने मला दुरुस्त केलेच होते की. मीही चिमीला दुरुस्तच केले. आजी मात्र दुरुस्ती करताना ओसरीवरून उठली नाही आणि ‘भाऊ’चे ‘बाळ’ केले नाही. ती पत्राची वाट पाहणारी आई राहिली आणि आई म्हणूनच तिने तक्रार केली. मी खुर्ची बदलली. भोरला जाणारा प्रवासी एकदम उठला आणि गुरुजी होऊन बसला. मग कंडक्टरला विद्यार्थिनी होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ‘बाई, यावर भोर लिहिलंय ना? मागच्या वेळी मला नसरापूरलाच उतरवलं होतं,’ असे मी म्हटले असते, तर तिने ‘भ’ कसा काढतात हे मलाच विचारले असते का? सांगता येत नाही. विचारले नसते तरी भोर आले असते.

वेशाला आपल्याकडे एक जुना मान आहे आणि थोडी भीतीही. आमच्या गावात सुगीनंतर बहुरूपी यायचा. कधी तो देव होऊन येई, पण आम्हा पोरांना तो फौजदार होऊन आलेला आवडे. खाकी कपडे, छडी, आणि काखेत एक फाटके रजिस्टर. त्या रजिस्टरात पाहून तो मोठ्यांदा गावातल्या प्रतिष्ठितांवर यमकांत आरोप वाचून दाखवी, वॉरंट काढी, आणि अख्खा पार हसत असताना आम्ही मात्र त्याच्या बोटाकडे पाहत असू, कारण ते बोट खरोखर ओळीवरून सरकत असे. त्या वहीत काय होते देव जाणे. बहुधा जुने हिशेब. पण सोंगाला वही लागते, हे त्याला कळत होते. वही नसती तर तो खाकी कपड्यातला एक विनोदी माणूस झाला असता.

शाळांमधल्या वेशभूषा स्पर्धांबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. गेल्या वर्षी चिमीच्या बालवर्गात अशी स्पर्धा झाली. घरी सूचना आली; आईवडिलांनी अनामत ठेवून भाड्याचा पोशाख आणला, आणि चिमी गाजर झाली. नारिंगी स्पंजच्या नळकांड्यात हात आत अडकलेले, डोक्यावर हिरवा तुरा, आणि पाठ करायला चार ओळी: मी आहे गाजर, मला खा, डोळे चांगले राहतात, धन्यवाद. व्यासपीठावर ती पहिल्या ओळीवर थांबली आणि प्रेक्षकांतल्या आईकडे पाहत राहिली, मग टाळ्या झाल्या, मग तिला उतरवले. गाजराने आणखी करायचे तरी काय? गाजराला कोणाशी बोलायचे नसते, काही द्यायचे-घ्यायचे नसते, नोंद ठेवायची नसते. आणि हात तर स्पंजच्या आत. त्याच स्पर्धेत चिकटवलेल्या मिशांचे एक टिळक होते आणि शाल पांघरलेल्या तीन सावित्रीबाई होत्या. ज्या बाईंनी आयुष्य अक्षरासाठी वेचले, त्यांच्या वेशातल्या तिन्ही मुलींच्या हातात पाटी होती, पण पेन्सिल नव्हती. घरी आल्यावर चिमीने स्पंज काढून टाकला, हिरवा तुरा तेवढा ठेवून घेतला, आणि तो डोक्यावर बांधून ती तासभर मंडईतली गाजरवाली झाली. वहीत उधारीही मांडली.

बालशिक्षणावरची प्रुफे मी पुष्कळ वाचली आहेत. मुद्रितशोधकाने अर्थात शिरू नये असा आमच्या धंद्यातला संकेत आहे, कारण अर्थात शिरले की चूक निसटते. तरी काही मजकूर डोळ्यांना चिकटतोच. लेव्ह व्हिगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ त्यांतला एक. क्षयाने तो १९३४ साली सदतिसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्याने लेनिनग्राडला मुलांच्या खेळावर व्याख्यान दिले होते. काठी घोडा होते तेव्हा मूल काय करते, हा त्याचा प्रश्न. काठी घोड्यासारखी दिसत नाही, पण घोड्याच्या जागी उभी राहू शकते, आणि एक वस्तू दुसरीच्या जागी उभी राहू शकते हे ज्याला हाडात भिनले, त्याला उद्या कागदावरची रेघ आवाजाच्या जागी उभी करणे परके वाटत नाही. खोटाखोटा खेळ, चित्र आणि लिहिणे हे त्याने एकाच वाटेवरचे टप्पे मानले. या दृष्टीने पाहिले तर रिमोटचे यंत्र, पट्टीचे तिकीट आणि वेटोळ्याचे ‘भोर’ अशी चिमीची एकापाठोपाठ एक तीन सोंगे होती, आणि मी तिसऱ्या सोंगाला ‘हे खरे नाही’ म्हणालो होतो. पहिल्या दोहोंना तसे म्हणायचे माझ्या मनातही आले नव्हते.

अंगावरच्या कपड्यांबद्दल अमेरिकेतला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर दहा मिनिटे चिकटून करायचे एक कंटाळवाणे काम दिले होते आणि शेजारी टॅब्लेटवर खेळ मांडून ठेवला होता. जी मुले बॅटमॅनसारखे एखादे पात्र होऊन, त्याचा वेश अंगावर घेऊन, ‘बॅटमॅन नेटाने काम करतोय ना?’ असे स्वतःला विचारत होती, ती इतरांपेक्षा जास्त वेळ कामावर टिकली. यात अक्षरओळखीचा काही संबंध नाही, हे खरे. पण चिमीने त्या दुपारी मला तिकीट देण्याआधी दिवाणावरच्या एकूण एक प्रवाशाला, कुकरच्या रिंगलासुद्धा, वेगळे तिकीट लिहून दिले होते. शाळेच्या वहीत ‘ग’ची एक ओळ पुरी करताना तिला तीनदा पाणी प्यायचे असते.

आपल्याकडे ही गोष्ट ओळखणारी माणसे फार पूर्वी होऊन गेली. गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मॉंटेसरीबाईंना त्यांनी गुरू मानले. पण बाईंना लुटुपुटीच्या खेळापेक्षा खरे काम महत्त्वाचे वाटे, आणि गिजुभाईंनी मात्र गोष्टीला आणि मुलांच्या नाटकाला आपल्या बालमंदिरात मानाचे पान दिले. गुरूची पद्धत घ्यायची आणि जिथे आपले मूल वेगळे दिसते तिथे मुलाचे ऐकायचे, हे धैर्य मला फार मोठे वाटते. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केले, त्यात महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी आणि पानांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. भाड्याचा स्पंज आणणाऱ्या आम्हा शहरी मंडळींना यातले काय कळले, असा प्रश्न पडतो.

इथे मला जरा हात आखडता घ्यायला हवा. सदरा घातला की अक्षर येते, असे कोणी म्हणू लागले तर ती थाप आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलाइन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली खोट्याखोट्या खेळावरची आधीची संशोधने एकत्र तपासली, तेव्हा या खेळामुळेच मुलांचा विकास होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही; भाषा आणि गोष्ट सांगणे यांबाबतीत नाते दिसले, पण त्यातले कारण कोणते आणि सोबत कोणती हे सुटले नाही. हे वाचून मला बरेच वाटले. नुसत्या सोंगावर भिस्त ठेवू नये हे बहुरूप्यालाही ठाऊक होते, म्हणून तर त्याने काखेत रजिस्टर धरले. नव्वदच्या दशकात सुसान न्यूमन आणि कॅथलीन रॉस्कोस या दोघींनी बालवर्गातल्या खेळाच्या कोपऱ्यांत कागद, पेन्सिली, फॉर्म, लिफाफे, पाट्या अशा वस्तू ठेवल्या, तेव्हा मुलांच्या खेळात लिहिण्या-वाचण्याच्या कृती वाढल्या, आणि सोबत मोठे माणूस खेळात सामील असले तर आणखी फरक पडला. आमच्या घरी आता सोंगांची एक मोठी पिशवी आहे. तिच्यात सदरा, ओढणी, चष्म्याची चौकट आणि हिरवा तुरा आहे, आणि त्यांच्याच जोडीला जुन्या चेकबुकाची अर्धुके, लग्नपत्रिका, दूधवाल्याचे कार्ड आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आहे. पिशवी मी भरली. पत्नीने दोरा बांधला, कारण पेन्सिल हरवली की खेळ थांबतो हे तिला माझ्याआधी कळले.

आणि तरी, खरे सांगायचे तर, मला ह्रस्वदीर्घ प्रिय आहे. त्यावर मी पोट भरले. चिमी दहा वर्षांची होईल आणि ‘तिकिट’ लिहील तेव्हा मी ते सोडून देणार नाही. कधीतरी खुर्ची बदलावी लागतेच. ती कोणत्या घटकेला बदलायची, हे मला अजून नेमके उमगलेले नाही.

ते तिकीट मला महिनाभराने सापडले. एका हस्तलिखितात खूण म्हणून मीच ते घातले असावे. कामाची सवय अशी की हातात कागद आला की भिंग घ्यायचे. एका बाजूला छापील मजकूर होता, कोणा लेखकाच्या आत्मचरित्रातल्या अडीच ओळी, त्यांवर माझ्या तांबड्या खुणा. दुसऱ्या बाजूला चिमीचा मजकूर. त्या दुपारी मी ज्याला नागमोडी रेघ म्हटले, ती नागमोडी नव्हतीच. तिने आधी डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढली होती, गुडघ्यावर कागद असल्याने ती हलली होती, आणि मग तिच्याखाली एकेक आकडा लटकवला होता. ती शिरोरेषा होती. घरात इंग्रजी अक्षरांचे तक्ते आहेत, पुठ्ठ्याची ए-बी-सी आहे. पण तिकीट लिहिताना तिने जे हाताने काढले, ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे रेघेखाली लोंबत होते, जसे मराठी लोंबते. दोन जागी तिने रेघ तोडली होती, म्हणजे तीन शब्द. शेवटच्या आकड्याच्या वर एक टिंब होते. आणि सर्वांत खाली, कोपऱ्यात, तिरकी तांबडी टिचकी, हुबेहूब माझ्या प्रुफांवरच्या खुणेसारखी. मी ते अक्षर नाही म्हणून ठरवले होते आणि त्यात शिरोरेषा, शब्दांतर, अनुस्वार आणि तपासल्याची खूण होती. त्याच्या खाली माझे सुबक ‘तिकीट’. त्या पट्टीवर शोभत नव्हते ते तेवढेच.

त्या दुपारी चिमीने पत्नीला दिलेले तिकीट तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवले होते. मी ते आजवर पाहून न पाहिल्यासारखे केले होते. त्याची पट्टी माझ्या पट्टीच्या बरोबर निम्मी होती आणि तिच्यावर आकडेही दोनच. हाफ. एमिलिया फेरेरो या, स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या शिष्येने, मुलांच्या लिहिण्याचा अभ्यास करताना असे पाहिले होते की मोठ्या वस्तूच्या नावाला जास्त अक्षरे लागतात असे लहान मुलांना वाटते. हत्तीला पुष्कळ, मुंगीला थोडी. चिमीने तोच नियम एसटीच्या भाड्याला लावला होता. पत्नीला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर लावून ठेवलंय.”

गेल्या आठवड्यात पिशवीतून सदरा पुन्हा निघाला. चिमी आता पाच वर्षांची झाली आहे आणि स्वतःच्या नावातली दोन्ही अक्षरे काढते, त्यातली मी-ची वेलांटी बहुधा चुकीच्या बाजूला. या वेळी ती कंडक्टर नव्हती. डोक्याला माझी टोपी, कमरेला पट्टा, काखेत दुधाचे कार्ड. “तपासणी आहे. तिकीट दाखवा.” मी माझ्या अंगावरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि सुदैवाने ती जुनी पट्टी अजून तिथेच होती. तिने ती घेतली, बोट रेघेखाली ठेवले आणि एकेका शब्दाला थांबत वाचले, “भोर. फुल. आबा.” मग माझ्या सुबक अक्षरांवर बोट नेले, जरा थबकली, आणि ते सोडून दिले. “हे जुनं आहे. चालणार नाही. दंड भरावा लागेल.”

मी गयावया केली, घरी लहान नात आहे असे सांगितले, पण उपयोग झाला नाही. तिने दुधाच्या कार्डावर पावती लिहिली, ‘२०’ असा आकडा टाकला, त्यातला दोन पाठमोरा होता, आणि दोऱ्याची पेन्सिल माझ्याकडे दिली. “इथं सही करा.” मी केली. बँकेतही कोणी मागत नाही इतक्या बारकाईने तिने ती सही पाहिली. माझी सही म्हणजे एक लांब आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन-चार वेटोळी. त्यांतले एकही अक्षर गेल्या तीस वर्षांत कोणाला लागलेले नाही.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “बसा खाली.”